एक कबूतर, दोन कबूतर

१

लग्न होऊन या घरात आले त्याला आठवडाही झाला नसेल. जिन्यात सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "सून गुणाची आहे हो, पण सदा मिठाची गुळणी धरल्यासारखी." शेजारीण म्हणाली, "मग बदलायची का? माझी सकाळी उठल्यापासून बोलते. तुम्ही ती न्या." मी वरच्या पायरीवर ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होते. दोघींचं हसून झालं, मग मी खाली उतरले. ऐकून न ऐकल्यासारखं करणं हे मी माहेरून आणलेलं एकच भांडं असं आहे, ज्याला अजून पोचा आलेला नाही.

लढाईचे दिवस होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, रॉकेलला रांग, आणि लग्नं अशी की वऱ्हाड जेवून उठेपर्यंत नवरी सासरी पोचून भांडी घासायला लागलेली. आमचं तर आणखीनच घाईत उरकलं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काही महिन्यांपूर्वी झटका येऊन त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. घरात एक हात कमी पडत होता, म्हणून दोन हातांची सून आणली. असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण न बोलणाऱ्या माणसांना न बोललेलंही ऐकू येतं.

खाली फोटोचा स्टुडिओ, वर आम्ही पाच जण: मामंजी, सासूबाई, हे, ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आणि मी. पूर्वी स्टुडिओत माणसं नटूनथटून येत. आता गिऱ्हाईक एकच उरलं होतं, सरकारचं प्रसिद्धी खातं. त्यांना कारखान्यांतल्या माणसांचे फोटो हवे असत, लढाईसाठी राबणाऱ्या, तरतरीत माणसांचे. आमच्या वाट्याला घड्याळांचा कारखाना आला होता. तिथे आधी गजराची घड्याळं व्हायची. आता त्याच टेबलांवर, त्याच बायका, तोफगोळ्याच्या तोंडात बसवायची छोटी घड्याळं जोडत होत्या. वन्सं त्यांतल्याच एक.

"गजर तोच आहे वहिनी," त्या म्हणायच्या, "फक्त उठवायच्या ऐवजी झोपवतो."

हे फोटो काढायचे आणि मी ते निस्तरायची. ह्यांनी मला रिटचिंग शिकवलं. निगेटिव्हची काच तिरक्या चौकटीवर ठेवायची, मागून उजेड घ्यायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि अगदी बारीक ब्रशाने डाग भरायचे. खात्याला काय चालत नाही ते मला लवकरच पाठ झालं: पेंगुळलेला डोळा, भोक पडलेली बाही, भिंतीवरचा नकाशा, जांभई. उद्या कुणी विचारलं, लढाईत तू देशासाठी काय केलंस, तर सांगेन, जांभया पुसल्या.

२

कामाचा फोटो काढायचा तर आधी काम थांबवावं लागतं, हे मला कारखान्यात गेल्यावर कळलं.

त्या हॉलच्या खिडक्या काळ्या केलेल्या होत्या आणि पलीकडच्या खोलीत तोफगोळ्यांत दारू भरायचं काम चाले, म्हणून फ्लॅशला मनाई होती. टेबलावरच्या दिव्यांवरच भागवायचं. म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण काढून बराच वेळ तसंच ठेवायचं. हे काळं फडकं बाजूला सारून उभे राहत आणि म्हणत, "धरा!" की सगळ्या बायका होत्या तशा थिजत, कुणी चिमटा वर धरून, कुणी स्क्रू फिरवता फिरवता. हे पुटपुटत मोजत. मोजून झालं की झाकण लावत आणि म्हणत, "सोडा!" मग हॉलभर एकदम उसासा, खोकला, नाकं खाजवणं, कुणीतरी कुणालातरी "मेले, किती हललीस" म्हणणं. आणि खात्याने खाली छापलेली ओळ: 'हे हात क्षणभरही थांबत नाहीत.'

मोजायची रीत मामंजींची होती. नुसते आकडे म्हटले की माणूस पळत सुटतो, म्हणून आकड्यामागे एक शब्द लावायचा, म्हणजे सेकंद भरतो. ह्यांच्या एका मित्राचा शब्द म्हणे 'बैलगाडी' होता. आमच्या घरात कबूतर. एक कबूतर, दोन कबूतर. अंधारखोलीतही तसंच मोजत. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना, तर वन्सं दाराबाहेरून म्हणाल्या, "हसा हसा. आमच्याकडे अंडीसुद्धा कबुतरांवर उकडतात."

पण सांगायचं आहे ते हे. धर म्हटलं म्हणून माणूस थांबत नाही. श्वास असतो, नाडी असते, पापणी असते. भिंगाखाली प्रत्येक चेहऱ्यावर एक बारीक साय दिसते, दुधावर धरते तशी. मशीन स्वच्छ, टेबल स्वच्छ, माणूस किंचित सायीखाली. मला ती साय आवडायला लागली होती. तेवढीच एक गोष्ट खात्याने पुसायला सांगितली नव्हती.

वन्संच्या चेहऱ्यावर ती नव्हती.

एकाच फोटोत असं नव्हे, कुठल्याच फोटोत नव्हती. त्यांच्या भुवईचा केस न् केस सुटा दिसे, समोरच्या स्क्रूच्या खाचेइतका स्वच्छ. मानेवर वेणीतून सुटलेली एक बट होती, तिला दर फोटोत तोच बाक होता. मी दोन आठवड्यांच्या काचा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. बट बटेवर बसली.

ह्यांना दाखवलं. हे खूश झाले. "फोटोवाल्याची पोर आहे. पाळण्यात होती तेव्हापासून धरतेय."

"पण श्वास?" मी म्हटलं.

"तू तिला बिघडवू नकोस हं," हे म्हणाले. "खात्याला तिचेच फोटो आवडतात."

मामंजींना झटका कसा आला, तेही ह्यांनी तेव्हाच सांगितलं. त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलांसमोर आला. मामंजी "धरा" म्हणाले, झाकण काढलं, मोजायला लागले आणि फडक्यासकट खाली बसले. बायका ओरडत धावल्या, खुर्च्या पडल्या, ह्यांनी वडलांचं डोकं मांडीवर घेतलं. "आणि तुला खरं वाटणार नाही, आमची ही बहीण जागची हलली नाही. चिमटा वर धरून, समोर बघत. शेवटी मी दंडाला धरून उठवली तेव्हा उठली."

"आणि 'सोडा' कुणी म्हटलं?"

"कोण म्हणणार? बाबांचं तोंड वाकडं झालेलं."

हे पुन्हा काच बघायला लागले.

३

वन्सं माझ्याच वयाच्या. या घरात मला खरोखर हसवलं ते त्यांनीच. संध्याकाळी त्या कामावरून आल्या की कामाच्या डगल्यातच माझ्या टेबलाच्या कडेला टेकायच्या आणि दिवसभराच्या बातम्या द्यायच्या. मुकादमीण कुणावर डाफरली, कुणाच्या डब्यात कुणाचं जेवण गेलं. "वहिनी, त्या तिसरीच्या नाकावरचा मस तेवढा राहू द्या. तिचा नवरा आघाडीवर आहे, परत आल्यावर बायको ओळखणार कशी?" सासरी नवी सून एकटी असते. मी फारशी नव्हते, ते त्यांच्यामुळे.

त्यांच्या डाव्या तर्जनीला पट्टी होती. घड्याळाच्या काचेने कापलं होतं, मामंजी पडले त्याच दिवशी. एकदा पट्टी सैल झाली, म्हणून मी म्हटलं, आणा, बदलते. पट्टी उलगडली. आत चीर होती, ताजी, दोन्ही कडा स्वच्छ, आणि एका टोकाला रक्ताचा थेंब उभा होता. आता ओघळेल असा. मी कापूस लावला. कापूस कोरडाच निघाला. थेंब तिथेच.

"सुकलेलं असेल," मी म्हटलं. सुकलेलं रक्त असं चमकत नाही, हे मला माहीत होतं. पण मी दिवसभर भिंगातून बघते. डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा?

"दुखतं?"

त्यांनी जरा विचार केला. "दुखणार आहे," त्या म्हणाल्या, आणि पट्टीसाठी बोट पुढे केलं.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी ती गोष्ट सांगितली. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असावी, कारण वन्संनी लगेच "आई, आता नको ना" म्हटलं. लहानपणी मामंजींनी त्यांना स्टुलावर उभं केलं होतं, हातात फुलदाणी देऊन. "धर" म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर कुणी बोलवायला आलं. कोणा बड्या माणसाचा मृत्यू, शेवटचा फोटो काढायचा होता. मामंजी सगळं विसरून गेले. संध्याकाळी परतले तर पोर स्टुलावर तशीच. कपडे ओले झालेले, हात थरथरतसुद्धा नव्हते. "सोड" म्हणाले, तशी सरळ खाली आली, फुलदाणीसकट.

"आणि रडली?" मी विचारलं.

"छे गं. नुसतं विचारलं, बाबा, मोजत होता ना?" सासूबाईंनी ताटातलं बोटाने सारखं केलं. "हे म्हणाले, हो बाळा, मोजत होतो. खोटंच. पण त्यानंतर त्यांनी मोजणं अर्धवट कधी टाकलं नाही."

मामंजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी त्यांना भरवत होते. घास गिळण्याआधी त्यांचे ओठ जरासे हलत, गिळून झाल्यावर पुन्हा हलत. मला वाटे, जिभेला वळण लागतंय.

४

मामंजींना बोलतं करायचं मी मनावर घेतलं होतं. सकाळी काचा वाळत असत तेव्हा त्यांच्याजवळ बसायचं, भांड्याकडे बोट दाखवायचं, "पाणी" म्हणायचं, आणि वाट बघायची. ते माझ्याकडे कळवळून बघायचे. ओठ हलायचे, पण पाण्यासाठी नाही. घाईत असलेल्या माणसाला वाटेत कुणी पत्ता विचारावा, तसा चेहरा व्हायचा त्यांचा.

दुपारी मात्र त्या खोलीत जायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. "दुपारी त्यांना झोप लागते. तेव्हा मीच बसते." दार लोटून घेत.

एके दुपारी मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले आणि दाराशी थांबले. आतून आवाज येत होता. बारीक, चिरका, एकसुरी. आकडा होता. कोटीच्या पुढचा, इतका लांब की एका दमात मावत नव्हता, म्हणून अक्षरं एकमेकांवर चढत होती. आणि त्यामागे, श्वास टाकावा तसं, "कबूतर".

मग पुढचा आकडा.

मला आनंद झाला. खरंच झाला. मामंजी बोलतायत! मी स्टुडिओत धावत जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान हलवली. "डॉक्टर म्हणाले होते. वाचा गेली तरी आकडे राहतात, शिव्या राहतात, प्रार्थना राहते. पोपटासारखं असतं ते. त्यात अर्थ नसतो."

"आवाज किती बारीक झालाय त्यांचा. बाईसारखा."

"आजारात होतो."

पटलं. पटण्यासारखंच होतं. तरी त्या संध्याकाळी मी एक वेडेपणा केला, आमच्या लग्नाच्या गडबडीआधीचे महिने, आठवडे, दिवस धरून, मामंजी पडल्यापासून आजवर किती सेकंद झाले असतील त्याचा हिशेब केला. तो आकडा मी ऐकलेल्याच्या इतका जवळ आला की मी पाटी पुसून टाकली आणि भाजी चिरायला बसले.

५

हॉलच्या छताखालून एक लोखंडी दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे रुंद पट्टे खाली मशीनवर उतरायचे. त्यांची सळसळ इतकी सतत असे की ऐकूच येत नसे.

त्या सकाळी मी ह्यांच्याबरोबर कॅमेऱ्याच्या काचा घेऊन गेले होते. फोटो अजून मांडायचा होता. वन्संनी लांबूनच मला जीभ काढून दाखवली. मी हसू दाबायला मान खाली घातली, म्हणून बघितलं नाही, ऐकलं मात्र. सळसळीतून एक शिट्टी उठली, मग ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज, आणि मग सळसळ बंद. कारखाना एवढा गप्प मी कधी ऐकला नव्हता.

पट्टा तुटला होता. त्याचं सुटलेलं टोक वन्संच्या टेबलावरून तिरकं गेलं होतं. त्यांच्या उजवीकडची बाई, जिच्या नाकावरचा मस मी राहू दिला होता, ती जागीच गेली. डावीकडचीचा खांदा मोडला. मागच्या भिंतीचा गिलावा फुटला होता. त्या दोघी आणि मागची भिंत यांच्यामधून एक सरळ तिरकी रेघ ओढली तर ती वन्संच्या मानेतून जात होती. ती मी नंतर मनात ओढली नाही. तिथेच, उभ्या उभ्या ओढली. माझं कामच रेघांचं.

वन्सं चिमटा धरून बसल्या होत्या. अंगावर ओरखडाही नव्हता.

"नशीब बलवत्तर," मुकादमीण रडत म्हणत होती. "देवानं वाचवली पोरीला."

मी त्यांना उठवलं, हात धुण्याच्या जागी नेलं, तोंडावर पाणी मारलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, फोटोत बघतात तशा.

"वन्सं, लागलं नाही ना? कुठे लागलं नाही ना?"

"लागलं ना वहिनी," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त अजून पोचलं नाही."

६

खात्याला पाचच दिवसांत 'काम पूर्ववत' असा फोटो हवा होता. नवा पट्टा चढला, भिंत लिंपली, उजवीकडच्या खुर्चीवर नवी मुलगी बसवली. हे फोटो काढून आले आणि काच माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हिच्या मानेपाशी चरा आलाय बघ. तेवढा भर."

मी भिंग लावलं.

सगळ्या चेहऱ्यांवर साय होती, नव्या मुलीच्या चेहऱ्यावर जरा जास्त. वन्सं स्वच्छ. आणि त्यांच्या मानेच्या मागे, सुटलेल्या बटेला लागून, वरून तिरकी उतरलेली एक पट्टी. चरा काचेवर असतो, नखाला लागतो. मी नख फिरवलं. काच गुळगुळीत होती. भिंग आणखी खाली नेलं. पट्टीला जाडी होती. कडेला दोरा होता, जाड, एकसारखे टाके घातलेला. पट्ट्याची शिवण. मी टाके बघू शकत होते, इतकी ती स्वच्छ होती. वन्संइतकीच स्वच्छ. तिच्या आणि मानेच्या मधे एका केसाइतका उजेड उरला होता.

मी ब्रश भिजवला आणि तसाच हातात धरून बसून राहिले. भरलं तर काय भरलं जाईल, तो मधला उजेड की ती पट्टी, हे मला सांगता येईना.

"झालं का?" ह्यांनी अंधारखोलीतून विचारलं.

"ही काच फुटली," मी म्हटलं, आणि टेबलावरून ती खाली ढकलली. लग्नानंतर ह्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. आवाजाने वन्सं दारात आल्या. खाली तुकडे, वर मी. त्यांनी तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्हणजे तुम्हाला दिसलं," त्या म्हणाल्या. मग केरसुणी आणायला गेल्या.

तेव्हापासून मी मामंजींना 'पाणी' म्हणायला लावणं सोडून दिलं. त्यांना भरवताना घाई करेनाशी झाले. दोन घासांच्या मधे त्यांना हवी तेवढी जागा द्यायची, आणि ते गिळत असताना मीच मनात पुढचा आकडा धरून ठेवायची. कशासाठी, असं मी स्वतःला विचारत नव्हते. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

७

मामंजींना ताप भरला. सकाळपासून छाती वाजत होती. हे कारखान्यात होते. सासूबाई स्वतः डॉक्टरांना आणायला गेल्या. जाताना त्यांनी मला खांद्याला धरून पलंगाजवळ बसवलं. "यांच्या तोंडाकडे बघत राहा," म्हणाल्या. "नजर हलवू नकोस." मला वाटलं, श्वासासाठी म्हणतायत.

वन्सं घरीच होत्या. कामाच्या डगल्यातच, खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, स्टुलावर बसून बटणं लावत होत्या. खिडकीचा काळा कागद दिवसापुरता काढलेला होता. उजेड त्यांच्या मानेवर होता.

मामंजींचे ओठ चालत होते. मी आता आवाजाशिवाय वाचू शकत होते. मग दोन आकड्यांच्या मधे धाप लागायला लागली. अंतर वाढत होतं. प्रत्येक अंतरात वन्संचा हात जिथल्या तिथे थांबायचा, सुई अर्धी वर.

मामंजींनी डावा हात काढून माझं मनगट पकडलं आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. त्यांनी आकडा म्हटला. पूर्ण, एकेक अक्षर सुटं. भरलेलं भांडं दुसऱ्याच्या हातात देताना माणूस समोरच्याने नीट धरलंय याची खात्री होईपर्यंत आपला हात काढत नाही, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कबूतर."

आणि हात सुटला.

खोली गप्प झाली. कारखाना झाला होता तशी.

आधी आवाज आला. छताकडून, कुठूनतरी लांबून, एक बारीक शिट्टी. मग वन्संच्या मानेवरची ती बट हलली. मी तिला कधीच हललेलं पाहिलं नव्हतं. ती एका बाजूला उडाली, वाऱ्याने उडते तशी, पण वारा नव्हता. डगल्याची कॉलर तिरकी आत दबली, कुणी बोटाने दाबावी तशी, आणि दबत गेली. खाली फरशीवर टप्प असं काहीतरी पडलं. रक्ताचा थेंब, शिवायला पट्टी सोडलेल्या बोटावरचा तो.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या. मान न वळवता.

मी आकडा म्हटला. पुढचा. माझा आवाज मलाच परका वाटला. या घरात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "कबूतर," मी म्हटलं, आणि त्याच्या पुढचा, आणि त्याच्या पुढचा.

शिट्टी विझली. बट हवेत होती तिथेच राहिली, अर्ध्या वाटेत.

बऱ्याच वेळाने, किंवा फार कमी वेळाने, वन्संनी सुई खाली आणली. बटण पक्कं केलं, दोरा दाताने तोडला.

"मोजताय ना?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर देता येत नव्हतं. मी मोजत होते.

सासूबाई डॉक्टरांना घेऊन आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं नाही. आधी खिडकीशी बसलेल्या लेकीकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे. मग त्या दारातच बसल्या आणि रडायला लागल्या.

८

माणसं आली. "सून बघा किती मनाची," कुणीतरी म्हणालं. "जप थांबत नाही तोंडातला." रात्रभर मी मामंजींच्या रिकाम्या पलंगाशी बसले. ह्यांनी पांघरूण आणून घातलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, "तुझा इतका जीव होता बाबांवर, मला माहीतच नव्हतं." मी मान हलवली. दोन आकड्यांच्या मधे एक शब्द बसवता येतो, हे मला पहाटे जमलं. 'हो' बसतं. 'नाही' जरा ओढून बसतं. 'मला भीती वाटते' बसत नाही.

वन्संनी सकाळी फरशीवरचा डाग पुसला. त्यांच्या कॉलरला तिरकी घडी पडली आहे. त्यांनी तिच्यावर दोनदा इस्त्री फिरवली, घडी गेली नाही. कामावर निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. त्यांना काहीतरी गमतीचं बोलायचं होतं, मला दिसत होतं. शेवटी नुसतंच म्हणाल्या, "हात भरून आला तर सांगा हं. मी रागावणार नाही." आणि जिना उतरून गेल्या.

मी त्यांच्या पायऱ्या ऐकल्या. सांगायचं म्हणजे 'सोडा' म्हणायचं, हे मला कळत होतं. माझे डोळे मिटत होते. एकदा आकडा घसरला, मी तो पकडला, आणि झोप लागू नये म्हणून उभी राहून मोजायला लागले.

दुपारी सासूबाई रिटचिंगच्या टेबलापाशी आल्या. दार लोटून घेतलं. स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"कुठवर आलंय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आणि मोठ्याने म्हटलं. आकडा, कबूतर. आकडा, कबूतर.

त्यांनी डोळे मिटले. फिरत्या दोरीत शिरायच्या आधी मुली मान हलवून ताल घेतात, तशी त्यांनी मान हलवली, आणि ओठ माझ्या ओठांबरोबर हलायला लागले. आधी नुसते. मग आवाज आला. बारीक, चिरका, एकसुरी. दाराआडून ऐकलेला. मामंजींना दुपारी खरोखरच झोप लागत असे. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या.

काही आकडे आम्ही दोघींनी मिळून म्हटले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. जा. मी गप्प झाले, श्वास रोखून, शिट्टीची वाट बघत. लांब रस्त्यावर कुणीतरी गाडी ढकलत होतं, तेवढंच.

हे मी दुपारीच लिहिते. पडून राहते आधी, मग लिहिते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. परवा ह्यांनी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला, त्यात माझे ओठ पुसट आलेत आणि हे म्हणतात, पुन्हा काढू, तू हललीस. सासूबाईंचं वय झालंय. पलीकडच्या खोलीत त्यांचा आवाज चालू आहे, मधेच कापतो आणि पुन्हा धरतो. पण तो पहिला दिवस मला आठवतो. मी भिंतीला टेकले, दाराआडून ते आकडे येत होते, आणि मला जांभई आली. चांगली मोठी, जबडा दुखेल अशी.

ती मी पुसली नाही.